ब्रेकसाहेबांचं वादन

नवा टॅब घ्यायचा नाही, घरातलाच वापरायचा, असं ब्रेकसाहेबांनी ठरवलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. ब्रेकसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते सरकारी लिफ्ट निरीक्षक. कुठल्याही इमारतीत गेले की यंत्रखोलीत शिरून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हा एक ब्रेक झाला. दुसरा कुठाय?" सव्वीस वर्षं हाच प्रश्न विचारल्यावर माणसाला दुसरं काय नाव पडणार? कचेरीत शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना ब्रेकसाहेब म्हणत. आपल्याला ते आवडत नाही, असं साहेब दाखवत.

अशा माणसाला इलेक्ट्रॉनिक संगीताचा नाद लागावा, याला काय म्हणावं! पण लागला होता. यंत्रखोलीत तपासणी करता करता ते तिथले आवाज मोबाइलवर टिपून घेत. मोटरचा घुमारा, स्विचची टकटक, ब्रेक सुटताना निघणारा तो लांब उसासा. घरी येऊन लॅपटॉपवर हे आवाज कापायचे, ताणायचे, एकावर एक थर चढवायचे. एकदा थर चालू केला की तो बंद करेपर्यंत फिरत राहतो, मग त्याच्यावर दुसरा, तिसरा. हे सगळं हेडफोन लावून. कारण बायको पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर बसायची. दहा ते पाच लोक तिच्या कानाशी ओरडायचे. अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती पर्स टाकत म्हणाली, "घरात तरी आता कानाला काही नको." साहेबांनी दुसऱ्याच दिवशी हेडफोन आणले आणि जे चढवले, ते काही उतरवले नाहीत.

थोडक्यात काय, तर नवऱ्याच्या संगीताचा एक सूरसुद्धा त्या माउलीने कधी ऐकलेला नव्हता. तिला दिसायचं ते एवढंच, की चांगला धडधाकट माणूस रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसतो आणि डोळे मिटून मान हलवतो.

यंदा वाचनालयाच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी पाच वाजता साहेबांना अर्धा तास मिळाला. ही बातमी त्यांनी घरी दबकत दबकतच सांगितली. बायको भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मी येते. बघू तरी, इतकी वर्षं मान कशाला हलवताय ते."

झिजलेल्या दोरांच्या लिफ्टमध्ये बेधडक उभे राहणारे साहेब हे ऐकून घाबरले. तिला आवडलं नाही तर पुन्हा हेडफोन चढवून भिंतीकडे तोंड करून बसायचं कसं, हा खरा प्रश्न होता. इतके दिवस निदान तिला माहीत तरी नव्हतं.

आता टॅबच का, ते सांगायला हवं. गेल्या वर्षी कचेरीच्या वर्धापनदिनाला साहेबांनी लॅपटॉपवर पाच मिनिटं वाजवलं होतं. पण समोरून पाहणाऱ्याला काय दिसणार? लॅपटॉपचं झाकण, आणि त्यामागे कपाळाला आठ्या घालून बसलेला सरकारी माणूस. लोकांना वाटलं, साहेब तुंबलेलं काम उरकताहेत आणि मागे कुठेतरी काहीतरी लागलंय. तिसऱ्या मिनिटाला एक कारकून मंचावर आला आणि त्याने रजेचा अर्ज सहीसाठी पुढे केला. साहेबांनी सही केली. सवयच ती. बायको त्या दिवशी कामावर होती, हे नशीबच म्हणायचं.

मेहुण्याने मात्र ते पाहिलं होतं. हा मेहुणा पाण्याचे पंप विकतो, आणि जगातली प्रत्येक गोष्ट चालू आहे की बंद, एवढंच तो बघतो. "म्हणजे भाऊजी, तुम्ही नक्की करता काय?" त्याने भर जेवणात विचारलं. "ते आपोआपच वाजतं ना?" साहेबांनी त्याला थर कसे रचतात, कधी कुठला काढायचा, हे वीस मिनिटं समजावून सांगितलं. सगळं ऐकून मेहुणा म्हणाला, "म्हणजे बटण दाबता." तेव्हापासून साहेब आणि मेहुणा यांच्यात फक्त हवापाण्याचं बोलणं होतं.

म्हणून टॅब. आवाज सगळे लॅपटॉपमध्येच राहणार, पण हुकूम टॅबवरून सोडायचे. टॅबवर रंगीत, तळहाताएवढी बटणं. टॅब उभा करून किंचित वळवून ठेवायचा, म्हणजे लोकांना बोटं दिसतील आणि हा माणूस काहीतरी करतोय याची खात्री पटेल. घरात बायकोचा टॅब होताच. साहेबांनी तो मागून घेतला, एक कोरी वही काढली आणि तिच्यावर 'दोषनोंद' असं ठळक अक्षरांत लिहिलं.

पहिला दोष पहिल्याच संध्याकाळी सापडला. टॅब आणि लॅपटॉप यांचं बोलणं घरच्या वायफायवरून चालायचं, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावला की ते बंद पडायचं. तीन वेळा बंद पडलं. साहेब म्हणाले, "कार्यक्रम होईपर्यंत काही गरम करू नकोस." बायको म्हणाली, "बरं." त्या आठवड्यात साहेबांना थंड जेवण मिळालं, आणि ते का मिळतंय हे विचारायची सोय नव्हती.

दुसरा दोष म्हणजे सासूबाई. त्या रोज साडेसातला लेकीला व्हिडिओ कॉल करतात. त्यांचा कॉल टॅबवर आला, तेव्हा साहेब अगदी रंगात होते, आणि चौथ्या थराचं हिरवं बटण जिथे होतं नेमकं तिथेच कॉल घ्यायचं हिरवं बटण उगवलं. साहेबांनी दाबलं. सासूबाईंना पडद्यावर दिसला तो बनियनमधला जावई, डोळे मिटलेला, तोंड उघडं, डावीउजवीकडे डोलणारा. साहेबांच्या कानात हेडफोन, त्यामुळे त्यांना काही पत्ता नाही. सासूबाईंनी हे दोन मिनिटं पाहिलं. मग लेकीच्या मोबाइलवर फोन करून काळजीच्या आवाजात विचारलं, "जावईबापूंना कुणा डॉक्टरला दाखवलंय का?"

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ले घरपोच येऊ लागले. शेजारचे सर आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाले, तरी त्यांच्या दृष्टीने अख्खी इमारत अजून आठवी ब मध्येच आहे. ते येऊन साहेबांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "घामट बोट काचेवर घसरत नाही, अडकतं. लोकांसमोर बसलात की घाम येणारच. बोटांना पावडर लावा." साहेबांना हे शास्त्रीय वाटलं. त्यांनी पावडर लावली, जरा सढळ हातानेच लावली. पहिल्या मिनिटाला बोटं छान घसरली. दुसऱ्या मिनिटाला टॅबवर पांढरा लेप बसला आणि कुठलं बटण कुठे आहे ते दिसेना. साहेबांनी फुंकर मारली. ती पावडर सरांच्या चष्म्यावर गेली. सर शांतपणे म्हणाले, "प्रमाण चुकलं," आणि पुढचे तीन दिवस आले नाहीत. वहीत साहेबांनी नोंद केली, की पावडर चिमूटभरच घ्यावी आणि फुंकर मारू नये.

शेवटी साहेबांनी निरीक्षकाला शोभेल असा निकाल दिला. वायफाय बंद. कॉल बंद. पडद्याचं आपोआप झोपणं बंद. टॅब आणि लॅपटॉप यांच्यात जाडजूड केबल, आणि ती केबल टेबलाला तीन ठिकाणी चिकटपट्टीने बांधलेली. मग त्यांनी सलग चाळीस वेळा वाजवून पाहिलं. चाळीसही वेळा एक बटणसुद्धा चुकलं नाही. साहेबांनी त्या संध्याकाळी स्वतःच उठून जेवण गरम केलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण वाचनालयाचा अर्ज भरायचा होता. अर्जात गायन, वादन, व्याख्यान आणि इतर असे चार रकाने. साहेबांनी 'वादन'वर खूण केली. कार्यवाह म्हणाले, "मग वाद्याचं नाव लिहा." साहेबांनी लिहिलं, टॅब. कार्यवाहांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे वाद्य नाही. यावर माझी नात चित्रं रंगवते."

"माझ्या हातात आलं की ते वाद्य होतं," साहेब म्हणाले.

"आणि घरी गेल्यावर?"

साहेबांनी 'वादन'वरची खूण खोडली. कार्यक्रम 'इतर'मध्ये गेला, पोटशीर्षक 'विद्युत यंत्राचे प्रात्यक्षिक'. आणि नियमाप्रमाणे अशा प्रात्यक्षिकाला निरीक्षक कचेरीचा सुरक्षितता दाखला लागतो. आता ही कचेरी कुठली, तर साहेबांचीच. साहेबांनी आपल्याच कचेरीच्या खिडकीवर अर्ज दिला. तो दोन दिवस फिरून त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी त्यावर 'अर्जदाराशी निकटचा संबंध असल्याने अन्य अधिकाऱ्याकडे' असा शेरा मारला आणि तो हाताखालच्या निरीक्षिकेकडे पाठवला. या मुलीला त्यांनीच सहा वर्षं तयार केलेलं. ती घरी आली, चहा नको म्हणाली, वीस मिनिटं टेबलाभोवती फिरली, केबल बोटाने ओढून पाहिली आणि म्हणाली, "सर, हा एक ब्रेक झाला. दुसरा कुठाय?"

साहेबांना तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिला हाकलून द्यावंसंही वाटलं. पण मुद्दा बिनतोड होता. केबल निघाली तर काय? मग साहेबांनी एक छोटी वायफायची पेटी जोडली. केबल सुटली की टॅबने आपण होऊन ती पेटी धरायची. केबल चाळीस वेळा उपटून पाहिली, चाळीस वेळा टॅबने पेटी धरली. तेव्हा कुठे दाखला मिळाला, तोही एका अटीवर. वायरलेस मार्ग केवळ आणीबाणीच्या प्रसंगीच वापरावा.

रविवारी साहेब दोन वाजताच वाचनालयात पोचले. सभागृह चौथ्या मजल्यावर. जिन्याच्या मधोमध जाळीची जुनी लिफ्ट, सरकत्या दाराची. साहेबांनी सामान आत ठेवलं आणि सवयीने नजर वर गेली. चौकटीतला दाखला संपून पाच महिने झाले होते. साहेबांच्या कपाळाची शीर उडली. तरी ते मनाशी म्हणाले, असू दे, आज नको. मग म्हणाले, नुसतं बघू. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये त्यांनी दार हळूच चार बोटं सरकवलं. दार उघडलं की लिफ्ट जागच्या जागी थांबली पाहिजे. ती थांबली नाही. ती उघड्या दारानिशी चौथ्या मजल्यापर्यंत आरामात गेली.

साहेबांच्या पिशवीत लाल पट्टी आणि सील कायम असतं. लग्नाला जातानाही असतं. त्यांनी लिफ्टचा मुख्य स्विच पाडला, तळमजल्याच्या दाराला पट्टी लावली, सील ठोकलं आणि नोटीस लिहायला बसले. कार्यवाह धावत आले.

"अहो, आज रविवार. उद्या बंद करा ना."

"आज कुणी पडलं तर?"

"पाच महिन्यांत कुणी पडलं नाही."

"पाच महिने मला माहीत नव्हतं."

"साहेब, आज कार्यक्रम तुमचा आहे," कार्यवाह काकुळतीला आले.

"म्हणूनच," साहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तरावर ते फार खूश झाले. वाचनालयाच्या इतिहासात या वाक्याची नोंद व्हावी असं त्यांना वाटलं. ही खुशी साधारण दोन मिनिटं टिकली. मग त्यांना बायकोचा गुडघा आठवला.

गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झाले होते. आणखी दोन महिने जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साहेब सीलकडे बघत उभे राहिले. सील निघणार कधी, तर लिफ्ट दुरुस्त होऊन कचेरीने फेरतपासणी केल्यावर. कचेरी सोमवारी उघडणार. साहेबांना स्वतःलाही ते काढायचा अधिकार नव्हता, आणि हा नियम करणाऱ्या समितीवर साहेब स्वतः होते.

पावणेपाचला मेहुणा बायकोला गाडीतून घेऊन आला. ती नवीन साडी नेसून आली होती. लाल पट्टीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि विचारायचं काही उरलंच नाही.

"दार उघडं असताना चालते," साहेब खाली मान घालून म्हणाले.

"मग बरोबर केलंत," ती म्हणाली. साहेबांना वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

मेहुण्याने बाह्या सरसावल्या. "काही नाही ताई, खुर्चीत बस. चार जण धरू आणि वर नेऊन ठेवू."

"मी काय कपाट आहे?" बायको म्हणाली. पहारेकऱ्याची खुर्ची लिफ्टच्या जाळीशेजारी होती, तिच्यात ती बसली आणि पाय लांब केला. "जा तुम्ही वर. लोक खोळंबलेत. मी बसते इथे."

"पण तू…"

"घरी गेल्यावर सांगा कसं झालं ते."

साहेब चार जिने चढले. वर तेवीस माणसं धापा टाकत बसली होती आणि लिफ्ट कुणी बंद केली याची चौकशी करत होती. कार्यवाहांनी ओळख करून देताना तेही सांगून टाकलं. टाळ्या पडल्या नाहीत. साहेबांनी बोटांना चिमूटभर पावडर लावली आणि सुरुवात केली.

आणि काय सांगावं, सगळं सुरळीत झालं. मोटरचा घुमारा चढला, त्यावर टकटक बसली, उसासा आला तो थेट छातीत. बटण दाबावं आणि आवाज यावा. एक हुकूम चुकला नाही. शेजारचे सर पहिल्या रांगेत बसून बोटांच्या हालचाली तपासत होते. मेहुणासुद्धा पुढे झुकला होता. दोन महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते सगळं समोर घडत होतं, आणि साहेबांना त्यात काडीचा रस वाटेना. जिला ऐकवायचं ती चार मजले खाली जाळीकडे बघत बसली होती. आणि घरी जाऊन सांगायचं म्हणजे काय सांगायचं? घुमारा बरा झाला?

आठ मिनिटं झाली. साहेबांनी चार थर चढवले. मग चिकटपट्ट्या एकेक करून सोडवल्या आणि केबल उपटली. टॅबने पेटी धरली. दाखल्यात आणीबाणीच्या प्रसंगी असं लिहिलं होतं, आणि साहेबांच्या मते प्रसंग तोच होता. टॅब छातीशी धरून ते मंचावरून उतरले, तेवीस माणसांच्या मधून चालत गेले आणि दाराबाहेर पडले. हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं वाटून दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या मजल्यावर टॅब ठणठणीत होता. दुसऱ्यावर साहेबांनी एक बटण दाबलं, ते जरा उशिरा लागलं. पहिल्या मजल्यावर रंगीत बटणं सगळी राखाडी झाली आणि वर आलं, 'जोडणी नाही'. साहेब तसेच खाली गेले.

"झालंसुद्धा?" बायकोने विचारलं.

"नाही. चालू आहे."

"मग तुम्ही इथे कसे?"

साहेबांनी टॅब दाखवला. ती राखाडी बटणं बघत राहिली. "म्हणजे आता वर कोण वाजवतंय?"

ज्या वाक्यासाठी साहेब गेलं वर्षभर मेहुण्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते, ते त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं. "कोणी नाही. आपोआप वाजतंय."

"मग बसा ना जरा."

खुर्ची एकच होती. साहेब शेवटच्या पायरीवर बसले. टॅब बाजूला ठेवला. जिन्यातून, लिफ्टच्या जाळीतून, सगळ्या इमारतीला धरून ते खाली येत होतं. घुमारा आधी भिंतीला जाणवायचा, मग कानाला. टकटक एकेका मजल्यावर आपटून दोनदा ऐकू यायची. आणि तो उसासा वरून खालपर्यंत असा काही उतरायचा, की साहेबांना वाटलं, हा आपण केलेलाच नाही. हेडफोनमध्ये तो इतका मोठा कधी नव्हता. हातात करायला काहीच नव्हतं. बायकोकडे बघायची तर हिंमतच होईना. शेवटी बघितलं. कामावर एखाद्याची तक्रार खरी निघाली की ती जशी लेखणी खाली ठेवते आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता ऐकते, तशी ती ऐकत होती.

थर फिरत होते, उसासा कितीतरी वेळा आला आणि गेला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली, "हे तुम्ही एकटेच ऐकत होतात?"

तूच म्हणाली होतीस, हे साहेबांच्या अगदी जिभेवर आलं. पण तेच तिलाही आठवलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी ते गिळलं आणि नुसते "हो" म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पावडरच्या बोटांनी पुसायला गेले आणि आणखीच आलं.

इतक्यात चौथ्या मजल्यावर कठड्यावरून कार्यवाहांचं डोकं बाहेर आलं. खाली वाकून ते हाका मारू लागले. "साहेब, अर्धा तास झाला. सर म्हणतात ही वायर काढा, तुमचे मेहुणे म्हणतात ती काढा. हे बंद कुठून करायचं?"

साहेब अर्धे उठले आणि सांगायला तोंड उघडलं. बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत पायरीवर बसवलं.

"इतक्यात सांगू नका," ती म्हणाली.